सर सय्यदांची लेखणी

वर्गात निबंध लिहायला दिला की काही मुले पहिली दहा मिनिटे पेनाचे टोपण चावत बसतात आणि काही मुले विषय ऐकताच भराभर लिहू लागतात. गंमत अशी की, दोघांचेही निबंध पुष्कळदा सारखेच निघतात. विषय ‘पावसाळा’ असला तर आधी ढग येतात, मग हरवलेल्या छत्रीची हकिकत येते, मग शेतकरी येतो आणि शेवटी पुन्हा ढग येतात. एकेक वाक्य पाहिले तर त्यात चूक नसते. पण सगळे वाचून झाल्यावर लिहिणाऱ्याला नेमके काय सांगायचे होते, ते हाती लागत नाही.

उर्दूत आपण ज्याला मजमून म्हणतो, त्यालाच मराठीत निबंध म्हणतात. हा मजमून उर्दू भाषेत रुजवण्याचे मोठे श्रेय सर सय्यद अहमद खान यांना दिले जाते. अलीगढचे कॉलेज काढणारे म्हणून तुम्ही त्यांचे नाव ऐकले असेल. परंतु त्यांच्या हातून एकदा असा एक मजमून लिहिला गेला की, तो छापल्याबद्दल त्यांना तुरुंगच काय, फाशीही झाली असती. ती हकिकत पुढे येईल. त्याआधी ते लिहायला कसे शिकले, हे पाहू.

सय्यद अहमद यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्लीत झाला. मोगल बादशाही तेव्हा नावापुरतीच उरली होती. त्यांचे घराणे किल्ल्यातील दरबाराशी जोडलेले होते. आईचे वडील ख्वाजा फरीदुद्दीन अहमद हे गणिताचे जाणकार होते आणि काही काळ बादशाहाचे वजीरही होते. आई अझीझुन्निसा बेगम शहाण्या आणि करारी होत्या. अकरा-बारा वर्षांच्या सय्यद अहमदने एकदा घरातील एका वृद्ध नोकराला थप्पड मारली. आईला हे समजताच त्यांनी मुलाला घराबाहेर काढले. मुलगा मावशीकडे लपून राहिला. त्याने त्या नोकराची हात जोडून माफी मागितली, तेव्हाच आईने त्याला परत घरात घेतले.

१८३८ साली वडील वारले आणि नोकरी करणे भाग पडले. सय्यद अहमद यांनी कंपनी सरकारच्या न्यायखात्यात नोकरी धरली आणि १८४१ साली ते मुन्सफ झाले. मुन्सफ म्हणजे दिवाणी दाव्यांचा निवाडा करणारा न्यायाधीश. रोज कोणी तरी समोर येऊन शेताच्या बांधाची, कर्जाची, वारशाची तक्रार सांगायचा. खरा वाद कोणत्या मुद्द्याचा आहे, तो आधी शोधायचा. मग त्या मुद्द्याला कोणता कागद, कोणता साक्षीदार आधार देतो ते तपासायचे. जे मुद्द्याला लागू नाही ते बाजूला ठेवायचे. आणि मग निकाल लिहायचा. हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. माझे तर असे मत आहे की, त्यांचा निबंधलेखनाचा खरा अभ्यास कचेरीतच झाला.

पण तो अभ्यास कागदावर उतरायला वेळ लागला. त्या काळी उर्दू गद्य लिहिण्याची एक ठरलेली तऱ्हा होती. लेखक फारसी वळणाची लांबलचक वाक्ये लिहीत. वाक्यांच्या शेवटी यमके जुळवीत. एका इमारतीला उपमा द्यायची तर एकावर एक पाच उपमा देत. वाचणारा वाहवा करी, पण इमारत किती उंच, कोणी बांधली, कोणत्या साली बांधली, हे त्याला कळत नसे.

१८४६ साली सय्यद अहमद यांची बदली दिल्लीला झाली. सुटीच्या दिवशी ते शहराबाहेरच्या पडक्या इमारतींकडे जात. त्यांची मोजमापे घेत, नकाशे काढवीत आणि शिलालेख उतरवून घेत. कुतुबमिनारावरील काही लेख इतके उंच आहेत की, ते खालून वाचता येत नाहीत. म्हणून दोन बल्ल्यांच्या आधाराने एक शिंके लोंबकळत सोडले जाई आणि त्या शिंक्यात बसून ते लेखाची नक्कल करीत. सोबत त्यांचे मित्र, फारसीचे विद्वान इमाम बख्श सहबाई असत. शिंके वर चढू लागले की खाली उभ्या असलेल्या सहबाईंचा चेहरा भीतीने पांढराफटक पडे.

या मेहनतीतून १८४७ साली ‘आसारुस्सनादीद’ हे दिल्लीच्या इमारतींवरील पुस्तक निघाले. माहिती अस्सल होती, पण भाषा जुन्या रिवाजाप्रमाणे नटवलेली होती. त्या भाषेत सहबाईंचाही हात होता. शिवाय पुस्तकात सगळे एकत्र आले होते. शहराबाहेरच्या इमारती, किल्ला, शहर आणि वर दिल्लीतील विद्वान, कवी, हकीम व कलावंत यांची चरित्रेही. दिल्लीचे इंग्रज अधिकारी रॉबर्ट्स यांनी हे पुस्तक विलायतेला नेले. तेथील विद्वानांना ते महत्त्वाचे वाटले आणि त्याचे भाषांतर व्हावे असे ठरले. रॉबर्ट्स स्वतः सय्यद अहमद यांच्या मदतीने भाषांतराला बसले. आता दुसऱ्या भाषेत न्यायचे म्हटले की शब्दांची आरास गळून पडते आणि खाली मजकूर किती आहे ते दिसू लागते. कोणताही लेखक अशा वेळी थोडा ओशाळतो.

सय्यद अहमद यांनी पुस्तक पुन्हा लिहायला घेतले. पहिल्या आवृत्तीला जेमतेम सात वर्षे झाली होती. १८५४ साली निघालेली दुसरी आवृत्ती जणू वेगळ्याच माणसाने लिहिली आहे. भाषा साधी आहे. विद्वानांचा आणि कवींचा भाग त्यांनी काढून टाकला, कारण तो कितीही गोड असला तरी इमारतींच्या पुस्तकाचा तो विषय नव्हता. इमारती काळाच्या क्रमाने लावल्या आणि प्रत्येकीखाली ती बांधणारा, तिचे साल, तिचा शिलालेख असे पुरावे दिले. मला स्वतःला तो काढलेला भाग फार आवडतो. गालिबच्या दिल्लीची माहिती त्यात आहे. तरीही पुस्तकाच्या दृष्टीने त्यांनी केले ते बरोबरच होते. पुढे गार्सां द तासी या फ्रेंच विद्वानाने पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर केले आणि १८६४ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने सय्यद अहमद यांना सन्मान्य सभासद करून घेतले.

मधल्या काळात १८५७ साल येऊन गेले होते.

त्या वर्षी सय्यद अहमद बिजनोर येथे सदर अमीन होते. बंडाची बातमी येताच तेथील इंग्रज अधिकारी, त्यांच्या बायका आणि मुले यांचा जीव धोक्यात आला. सय्यद अहमद यांनी स्वतःचा जीव पणाला लावून त्यांना सुखरूप बाहेर पोहोचवले. पण दिल्लीत इंग्रजांची फौज शिरली तेव्हा त्यांच्याच घरावर संकट आले. मामा आणि मामेभाऊ मारले गेले. मित्र सहबाई यांनाही कुटुंबातील लोकांसह गोळ्या घालण्यात आल्या. सय्यद अहमद दिल्लीत पोहोचले तेव्हा त्यांची आई एका नोकराच्या कोठडीत लपलेली होती. घोड्याचा चंदी-दाणा खाऊन तिने दिवस काढले होते आणि प्यायला पाणीसुद्धा मिळत नव्हते. ते आईला मीरतला घेऊन गेले. थोड्याच दिवसांत ती तेथे वारली.

सरकारने त्यांच्या सेवेबद्दल त्यांना एका बंडखोर जमीनदाराची मोठी जहागीर देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही. देश सोडून मिसरला जाऊन राहावे असेही त्यांच्या मनात आले. शेवटी ते इथेच राहिले आणि १८५८ साली मुरादाबादला बदलून गेल्यावर लिहायला बसले.

त्या वेळी इंग्रज वर्तमानपत्रे सगळा दोष हिंदी लोकांवर आणि विशेषतः मुसलमानांवर टाकत होती. हे बंड म्हणजे आधीपासून रचलेला कट होता, असे लिहिले जात होते. जागोजागी फासावर माणसे लटकत होती. अशा वेळी सरकारचाच एक नोकर, बंड का झाले आणि त्यात सरकारची चूक कोणती, हे लिहू लागला. त्या लिखाणाचे नाव ‘अस्बाबे बगावते हिंद’, म्हणजे हिंदुस्थानातील बंडाची कारणे.

मुलांनो, या छोट्या पुस्तकाची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. ज्याच्या मनात इतके दुःख साठले आहे, तो माणूस आईच्या मरणापासून सुरुवात करील, असे आपल्याला वाटते. सय्यद अहमद यांनी आईचा, मामाचा, सहबाईंचा उल्लेखच मध्ये आणला नाही. बंड कशाला म्हणतात, हे त्यांनी प्रथम सांगितले. नंतर लोकांच्या तोंडी असलेली कारणे एकेक करून घेतली. गावोगाव चपात्या फिरल्या म्हणून बंड झाले का? इराण किंवा रशियाने फूस लावली का? अवध खालसा केले म्हणून झाले का? या गोष्टींनी बंडाचा उलगडा का होत नाही, ते त्यांनी दाखवले. जागा अशी मोकळी करून घेतल्यावर मग त्यांनी स्वतःचा मुख्य मुद्दा मांडला. कायदे करणाऱ्या कौन्सिलात एकही हिंदी माणूस नव्हता. त्यामुळे लोकांचे म्हणणे सरकारला कळत नव्हते आणि सरकारचा हेतू लोकांना कळत नव्हता. हे त्या बंडाचे मूळ, असे त्यांचे म्हणणे होते.

या मुळापासून त्यांनी पाच फांद्या काढल्या. पहिली, लोकांचा सरकारच्या हेतूविषयी झालेला गैरसमज. दुसरी, देशाच्या चालीरीतींना न मानवणारे कायदे. तिसरी, प्रजेच्या हालअपेष्टांविषयी सरकारचे अज्ञान. चौथी, राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यात असावा तो स्नेह नसणे. पाचवी, फौजेची चुकीची व्यवस्था. एवढे तर कोणीही म्हटले असते. पण त्यांनी प्रत्येक फांदीला पाने लावली. सरकार आपला धर्म बुडवणार असे लोकांना वाटू लागले, एवढे सांगून ते थांबले नाहीत. १८३७ च्या दुष्काळात अनाथ झालेली मुले ख्रिस्ती करण्यात आली, पाद्री लोक बाजारात आणि जत्रेत दुसऱ्यांच्या धर्मावर टीका करीत तेव्हा सोबत ठाण्याचा चपराशी उभा असे, कलकत्त्याहून एका इंग्रजाने सरकारी नोकरांना धर्माविषयी पत्रे पाठवली, अशा घटना त्यांनी पुढे ठेवल्या. कायद्यांविषयी लिहिताना १८५० चा एकविसावा कायदा सांगितला, इनामी जमिनी सरकारजमा झाल्याचे सांगितले, बाकीपायी जमीनदाऱ्यांचे लिलाव होत होते ते सांगितले. गरिबीविषयी लिहिताना विलायती कापडामुळे इथल्या विणकरांचा धंदा बसल्याचे सांगितले. स्नेहाविषयी लिहिताना साहेबासमोर मिसल वाचणाऱ्या देशी अंमलदाराची काय अवस्था होई, ते दाखवले. त्यांच्या शत्रूलाही एखादी घटना खोटी म्हणायची तर आधी ती तपासावी लागली असती.

त्यांचे सगळेच म्हणणे आज आपल्याला पटेल असे नाही. फौजेविषयी लिहिताना त्यांनी हिंदू आणि मुसलमान शिपाई एकाच पलटणीत ठेवले ही चूक म्हटली आहे, कारण एकत्र राहून त्यांच्यात भाईचारा वाढला. आज आपण त्याच भाईचाऱ्याचे गुण गातो. पण त्यांचे विचार इतक्या स्पष्ट क्रमाने मांडलेले आहेत की, कोठे मान डोलवायची आणि कोठे थांबायचे, हे वाचणाऱ्याला बरोबर समजते.

१८५९ साली आग्र्याच्या छापखान्यातून पाचशे प्रती छापून आल्या. गठ्ठे घरी आले तेव्हा मित्र भेटायला आले. हे सगळे जाळून टाका, उगाच जीव धोक्यात घालू नका, अशी मित्रांनी विनवणी केली. सय्यद अहमद यांनी ऐकले नाही. हे सरकारच्याही हिताचे आहे आणि देशाच्याही, मग मला त्रास झाला तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे पडले. मात्र त्यांनी एक शहाणपणा केला. पुस्तक बाजारात विकायला ठेवले नाही. एक प्रत हिंदुस्थान सरकारकडे पाठवली, थोड्या जवळ ठेवल्या आणि बाकीच्या जवळजवळ सगळ्या विलायतेला, पार्लमेंटच्या लोकांसाठी रवाना केल्या.

सरकारी कौन्सिलात पुस्तकाचे भाषांतर वाचले गेले. परराष्ट्र खात्याचे सेक्रेटरी सेसिल बीडन संतापले. हे राजद्रोही लिखाण आहे, लेखकाला कडक शासन झाले पाहिजे, असे त्यांनी मांडले. इतरांना तसे वाटले नाही आणि सय्यद अहमद वाचले. पुढे दोघांची गाठ पडली तेव्हा बीडन यांनी तोंडावर राग काढला. सय्यद अहमद यांनी शांतपणे सांगितले की, पुस्तक लोकांना भडकवण्यासाठी लिहिलेले नाही. हिंदुस्थानात फिरणारी एखादी प्रत सापडली तर एकेका प्रतीला हजार रुपये देईन. त्यांचे चरित्रकार मौलाना हाली यांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे.

१८६१ साली कौन्सिलाचा नवा कायदा झाला आणि १८६२ मध्ये पहिल्यांदा हिंदी सभासद नेमले गेले. पतियाळाचे महाराज, बनारसचे राजा देव नारायण सिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण दिनकरराव हे ते तीन सभासद. हे एका पुस्तकामुळे झाले, असे म्हणणे जास्तीचे होईल. कारणे आणखीही होती. पण मागणी कागदावर आधीच लिहिलेली होती. १८७८ साली स्वतः सय्यद अहमदच व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसले.

१८६९ साली मुलगा महमूद याला विलायतेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. त्याच्याबरोबर सय्यद अहमदही मुंबईहून बोटीने निघाले. त्यांना विल्यम म्यूर यांच्या पुस्तकाला उत्तर लिहायचे होते. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्या चरित्रावर म्यूर यांनी बरेच आक्षेप घेतले होते. प्रवासाच्या आणि पुस्तकाच्या खर्चासाठी त्यांनी घर गहाण टाकले, आपली पुस्तके विकली. लंडनमध्ये जुने ग्रंथ शोधून त्यांनी बारा निबंध तयार केले. एक विषय, एक निबंध, आणि आक्षेपाला उत्तर शिव्यांनी नव्हे, तर पुराव्यांनी, अशी त्यांची रीत होती.

लंडनमध्ये आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात भरली. अठराव्या शतकाच्या आरंभी स्टील आणि ॲडिसन या लेखकांनी ‘टॅटलर’ आणि ‘स्पेक्टेटर’ ही पत्रे काढली होती. त्यांत रोजच्या वागण्याबोलण्यावर लहान लहान निबंध येत आणि लोक ते चहाच्या टेबलावर वाचत. असेच पत्र उर्दूत काढायचे ठरवून ते परतले. २४ डिसेंबर १८७० रोजी ‘तहजीबुल अखलाक’चा पहिला अंक निघाला.

या पत्रातील त्यांचे काही मजमून तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचले असतील. ‘काहिली’ आठवा. काहिली म्हणजे आळस. हातपाय न हलवणे हाच आळस, असे सगळे समजतात. मनाच्या शक्ती वापरात न आणणे हा मोठा आळस आहे, हा एकच मुद्दा सर सय्यद पहिल्यापासून धरून चालतात. मजूर हातपाय हलवतोच, कारण त्याला भाकर मिळवायची असते. ज्यांना बसून खायला मिळते, त्यांची मने रिकामी राहतात. मग दिवस कशात जातो, याची उदाहरणे येतात. आणि आपल्या देशात मनाला काम मिळण्याची साधनेच कमी आहेत, या दुखऱ्या जागेवर ते बोट ठेवतात. ‘बहस व तकरार’मध्ये समोरासमोर आलेले कुत्रे आधी कसे गुरकावतात, मग कसे भिडतात, याचे चित्र आहे. मुलांना ते वाचून हसू येते. पण चित्र हसवण्यासाठी काढलेले नाही. पुढच्याच परिच्छेदात तशीच भांडणारी माणसे येतात, तेव्हा हसू जागच्या जागी थांबते. मग वादच करू नये का, अशी शंका वाचणाऱ्याच्या मनात येईल, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून वाद केल्याशिवाय खरेखोटे कळत नाही, फक्त अदब सुटता कामा नये, हेही त्यांनी लिहून ठेवले.

पत्राला विरोध खूप झाला. कानपूरहून त्याला उत्तर देणारी पत्रे निघाली. सर सय्यदांविरुद्ध फतवेही आणवले गेले. त्यांच्या धर्मविषयक मतांशी त्यांचे जवळचे स्नेहीसुद्धा सहमत नव्हते. तरी एक गोष्ट झाली. विरोध करणारेही हळूहळू साध्या उर्दूत, मुद्दा धरून लिहू लागले. यमके जुळवून सर सय्यदांना उत्तर देता येत नव्हते.

२४ मे १८७५ रोजी अलीगढला शाळा सुरू झाली आणि १८७७ च्या जानेवारीत लॉर्ड लिटन यांनी कॉलेजच्या इमारतीचा पाया घातला. त्यासाठी सर सय्यदांनी दारोदार वर्गणी मागितली. १८८८ साली त्यांना सरकारकडून ‘सर’ हा किताब मिळाला. हे कॉलेज १९२० साली विद्यापीठ झाले.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. कॉलेजच्या पैशात एका कारकुनाने मोठी अफरातफर केली. मुलगा महमूद आजाराने खचला. घरात बोलणे कमी झाले, पण लिहिणे थांबले नाही. पैगंबरांच्या पत्नींविषयी एका ख्रिस्ती लेखकाने आक्षेपांचे पुस्तक काढले होते. लोक म्हणत होते, सरकारकडून त्यावर बंदी आणवा. पुस्तकाला उत्तर पुस्तकानेच द्यावे, असे सर सय्यदांचे मत होते. ऐंशी वर्षांच्या वयात त्यांनी पुन्हा ग्रंथ मागवले, आक्षेप एकेक करून वेगळे मांडले आणि उत्तरे लिहायला सुरुवात केली. काही पाने लिहून झाली होती. २७ मार्च १८९८ रोजी त्यांचे निधन झाले. कॉलेजच्या मशिदीजवळ त्यांचे दफन करण्यात आले आणि ते लिखाण तसेच अर्धवट राहिले.